भरलेला कप

आमच्या अरब मुलखातल्या करक गावात मुलीला मागणी घालायला गेलेला माणूस होकार मिळेपर्यंत कॉफीला ओठ लावत नाही.

बावीस वर्षांपूर्वी माझ्यासाठी बाबा नव्वाफची बहीण मागायला गेले. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या नव्वाफने माझी तासभर स्तुती केली. तोच होकार समजून बाबांनी कप उचलला.

"काका, ही नुसती कारणं झाली. निष्कर्ष मी सांगितलाय कुठे?"

भरल्या बैठकीत हशा पिकला. नकार घेऊन परतलेले बाबा पुन्हा कुणाकडे कॉफी प्यायले नाहीत.

काल तोच नव्वाफ आपल्या मुलासाठी माझी मुलगी मागायला आला. मीही तासभर त्याच्या पोराचे गोडवे गायले. मेल्याने कपाला बोटही लावलं नाही.

"आता निष्कर्ष सांग ना, भाऊ," तो हसत म्हणाला.

मी आत हाक मारली, "अगं, पाहुण्यांचा कप उचल. भरलेलाच."