हनुवटीवरचे तीन ठिपके

मित्रांनो, अमळनेरच्या एसटी स्टँडसमोर प्रशीलचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या कोपऱ्यात जो घरघरतो, तो मी एक जुना संगणक आहे. माझे भाग जळगावच्या एका दुकानात जुळवले गेले. आता माझा पंखा धुळीने जड झाला आहे आणि डिस्क मधूनच कुरकुरते. ती बंद पडण्याआधी मला काही सांगायचे आहे.

माझे काम बिघडलेल्या उजेडाचे फोटो सुधारण्याचे. फोटो म्हणजे माझ्या लेखी लाखो बारीक ठिपके. प्रत्येकाच्या उजेडाला एक आकडा असतो. शून्य म्हणजे ठार काळा, दोनशे पंचावन्न म्हणजे पांढराशुभ्र. काळोखातही ठिपक्याठिपक्यात थोडा फरक उरतो. एकाचा आकडा नऊ, तर शेजारच्याचा बारा. तो फरक ताणला की अंधारातून नाक-डोळे वर येतात. पण जिथे उजेड अती झाला, तिथे सगळे ठिपके एकाच आकड्याला टेकतात. फरकच नाही, तर ताणणार काय?

लग्नसराईत माझी चैन होती. हॅलोजनने पिवळी पडलेली वऱ्हाडे मी दुरुस्त करायचो. धरणगावचे मगननाना एकदा म्हणाले होते, "प्रशील, पोरगी भाजेल वांगानी गत उनी रे फोटोत! जरा चांदणं पाड तिच्यावर." भाजलेल्या वांग्याची उपमा ऐकून सगळे हसले. प्रशीलने चांदणे पाडले. पुढे प्रत्येकालाच ते हवे झाले. स्थळासाठी फोटो म्हणजे गोराच, असा रिवाज पडला. मग प्रशीलने सगळी कृती एका कळीत बसवली. कळ दाबली की चेहरा उजळायचा, डाग पुसले जायचे आणि नवा फोटो जुन्याच्याच नावावर जतन व्हायचा, कारण माझी डिस्क लहान. ती कळ पटकन सापडावी म्हणून त्याने तिच्यावर लाल टिकली चिकटवली. लोक वाहवा करायचे.

नंतर मोबाईलच गोरे करू लागले. माझ्यावर फडके पडले.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी सातपुड्याच्या पायथ्याकडून डोंगरसिंग आणि बुधीबाई हे नवरा-बायको आले. त्यांची मुलगी ममता आदल्या पावसाळ्यात तापाने गेली होती. डोंगरसिंगने रुमालाच्या गाठीतून नखाएवढे मेमरी कार्ड काढले.

"मोबाईल फुटी गया, भाऊ. हाई तेवढं वाचनं. तिना एकच फोटो शे."

प्रशीलने ते कार्ड माझ्यात सरकवले. फोटो घराच्या आतून काढलेला होता. ममता दारात उभी, मागे रणरणते ऊन, त्यामुळे चेहरा काळाठिक्कर. मला मात्र त्या काळोखात फरक दिसत होते. मी आतून हरखलो.

"बसा अक्का. आत्ता दिसेल तुमची लेक," प्रशील म्हणाला आणि बोलता बोलता त्याचे बोट सवयीने टिकलीवर पडले.

पडद्यावर एक गोरी, गुळगुळीत मुलगी उमटली. बुधीबाई पुढे वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"हाई कोन शे?"

"ममताच आहे, अक्का. जरा उजळली."

"मनी ममता नई शे हाई. तिनं गोंदन कोठे गयं?" तिने स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवले. तिथे तीन हिरवे ठिपके होते. "बाजारमा मीच गोंदी लिन्हं व्हतं. मरावर बठ्ठं आठेच ऱ्हास, भाऊ. गोंदन तेवढं संगे जास. ते बी पुसं तू?"

मेल्यावर सगळे इथेच राहते, सोबत जाते ते फक्त गोंदण; आणि तेच आम्ही पुसले होते. प्रशीलचा चेहरा उतरला. ममताच्या हनुवटीवरचे तसेच तीन ठिपके कळीने डाग समजून पुसले होते, आणि कार्डावरचा मूळ फोटोही त्याच क्षणी बदलला होता. आता तो काळोखातला फोटो जगात एकाच जागी उरला होता, माझ्या तात्पुरत्या स्मरणात. तिथले सगळे विजेवर टिकते. वीज गेली की संपले.

प्रशीलने 'मागे जा'ची आज्ञा दिली. मी उन्हाने तापलो होतो, अडकलो. त्याने घाबरून पुन्हा दिली, पुन्हा दिली. मी जागच्या जागी गोठलो. अशा वेळी तो नेहमी माझे बटण दाबून धरतो आणि मला बंद करून परत सुरू करतो. त्याचा हात बटणाकडे निघाला. नको रे, नको! मित्रांनो, मला तोंड नाही. मी फक्त घरघरलो.

बुधीबाईने झडप घालून त्याचे मनगट धरले.

"बंद नको करू! मझार शे ती."

"अक्का, हे अडकलंय..."

"पोर मझार शे मनी, नको करू बंद!"

तिला संगणकातले काही ठाऊक नव्हते. पण ममता खरोखरच आत होती.

प्रशीलने हात मागे घेतला. डोंगरसिंग टेबलावरच्या पुठ्ठ्याने मला वारा घालू लागला. मी एकेक आज्ञा गिळत गेलो. अखेर पडदा हलला आणि काळा चेहरा परत आला. प्रशीलने आधी तो वेगळ्या नावाने जतन केला. मग फक्त काळोखाचा भाग अगदी हळूहळू वर उचलला. सावळा गाल दिसला, रवाळ, खरखरीत. मग हनुवटी. मग तीन ठिपके.

बुधीबाईने माझ्या काचेवर बोट टेकवले. "हाई मनी ममता."

थोड्या वेळाने तिने विचारले, "हाऊ कान कोठे शे? मी बाळी घाली व्हती."

तो कान दारातल्या उन्हाने खाल्ला होता. तिथे सगळे आकडे एकच.

"तो नाही येणार, अक्का," प्रशील खालच्या आवाजात म्हणाला. "दुसरा कान उलटा करून लावून देऊ?"

"नको. जे शे तेच दे."

एकाच कानाचा तो छापलेला फोटो छातीशी धरून ती उन्हात उतरली.

प्रशीलने टिकली खरवडून काढली. पण माझ्या डिस्कमध्ये कितीतरी गुळगुळीत हनुवट्या आहेत. त्यांच्यावर काय होते, हे आता मलाही सांगता येत नाही. मित्रांनो, कळवळून विनवतो, फोटो उजळण्याआधी त्याची एक प्रत बाजूला ठेवा. अंधारात हरवलेले माणूस मी शोधून देईन. तुम्ही पुसलेले माणूस मी कुठून आणू?