टेकबहादूर गावाला का जात नाही

"बायकोला टाकून आलास का रे टेकबहादूर?"

"लगीनच न्हाई केलं, बाई." तो कांदा चिरत राहिला.

शिरूरच्या एसटी डेपोसमोर माझं, अनसाबाईचं, हॉटेल आहे. एकवीस वर्षांपूर्वी हा नेपाळी माणूस माझ्याकडे कामाला राहिला. आता बोलतो इथल्यासारखंच, आणि मिसळीची तर्री त्याच्यासारखी आसपास कुणाला जमत नाही. पण एकदाही गावाला गेला नाही. मला नसत्या चौकशा फार, मरेपर्यंत ती खोड जायची नाही. भाचीला, मोनालीला, म्हटलं, मोबाईलवर याचं गाव शोध. तिनं थेट तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांचा नंबरच काढून दिला.

नंबर पुढं केला, तशी त्यानं सुरी खाली ठेवली.

"मी तिकडं मिलिट्रीत व्हतो, बाई. राजाला हटवायचं म्हणून माओवाद्यांनी लढाई मांडलेली. थोरला भाऊ त्यांच्यात गेला. आन् मला आमच्याच गावाजवळ चौकीवर धाडलं. समोरनं भाऊ आला तर गोळी कशी घालू? पळून आलो. म्हैनाभरानं कळलं, त्यो मेला."

"आता राजा गेला, लढाई मिटली. मग?"

"पळपुटा मी. आईला काय तोंड दावू?"

"म्हातारी वाट बघत असंल, येड्या. लाव फोन."

शेवटी मीच बटण दाबलं. हेडमास्तर फोन घेऊन म्हातारीकडे गेले. टेकबहादूर त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलला आणि मग नुसता ऐकत राहिला. मला काय कळणार, कपाळ! मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले. फोन ठेवल्यावर तो बाकावर टेकला.

"काय म्हणाली?"

"चौकीवर मी हाय, हे भावाला म्हाईत व्हतं. मी गोळी घालायचो न्हाई, ह्या भरवशावर त्यो मला भेटायला आला. बंदूक घरी ठिवून. मी पळालो त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या जागी दुसरा उभा व्हता."

कुठून नाक खुपसलं, असं मला झालं. तरी जीभ राहिली नाही.

"घरी ये म्हणाली का?"

"ये म्हणाली. म्हणाली, चौकीवर तू कुठं उभा राहायचास, ती जागा तेवढी मला दाव."

दोन दिवसांनी सकाळच्या गाडीनं तो निघाला. दौंडला जाऊन पुढं रेल्वे. मी दशम्या बांधून दिल्या. तो पाया पडला, पिशवी खांद्याला लावून एसटीत चढला. गाडी निम्मी रिकामी होती.

"बस की रे बाबा," मी खालून म्हटलं.

त्यानं मानेनंच नको म्हटलं. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो दाराशी उभाच होता.