अकरा पंधराचा मुका कॉल

फोन टेबलावर उताणा पडला होता आणि मिस्टर आंघोळीला गेले होते. तेवढ्यात तो उजळला. ऑपरेटरबाईंनी हात लावला नाही, फक्त मान वाकडी केली. पडद्यावर नाव होतं ‘प्लंबर’ आणि त्याखाली तीन इंग्रजी अक्षरं. आयएमयू.

आता प्लंबरचा निरोप कसा असतो? ‘उद्या येतो.’ आणि उद्या उजाडला की, ‘आज जमत नाही.’ हा कुठला प्लंबर अक्षरांत बोलणारा? बाईंनी पर्समधून ड्यूटीची चिठ्ठी काढली आणि तिच्या पाठीवर ती तीन अक्षरं उतरवून घेतली. वर टीसी होतं, टीटीवायएल होतं, आयडीके होतं, एसएमएच होतं. गेल्या पंधरा दिवसांची कमाई.

दुसऱ्याचा फोन उघडून बघणाऱ्या त्या नव्हेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन खोलीत एकतीस वर्षं काढलेली बाई. कॉल जोडायचा आणि कानातून काढायचा, हा त्यांचा नेम. कोण कुणाशी काय बोलतं, ते कधी ऐकलं नाही. पण एखादी गोष्ट आपण होऊन डोळ्यांसमोर उजळली, तर डोळे काय काढून ठेवायचे?

मिस्टर टॉवेलनं कान कोरडे करत बाहेर आले. नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालं होतं. साधा माणूस. निदान आजवर तरी तसं वाटत होतं.

“फोन वाजला का गं?”

“वाजला नाही. उजळला.”

त्यांनी फोन उचलला, वाचला आणि हसू आलं ते मिशीत दाबलं. बाईंनी ते टिपलं.

“नळ गळतोय वाटतं कुठे?” त्यांनी विचारलं.

“अं? हो, म्हणजे बघायला सांगितलंय.”

घरात एकही नळ गळत नव्हता. तरीही कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी ती चिठ्ठी एक्स-रेवालीपुढे सरकवली. एक्स-रेवाली म्हणजे शेजारच्या खोलीतली टेक्निशियन. कॉलेजात जाणाऱ्या दोन पोरांची आई आणि जगाची पंचाईत करण्यात एक नंबर.

“कुणाचं हो हे, ताई?”

“माझ्या मावसबहिणीच्या मिस्टरांचं.”

“अगंबाई! बिचारी मावसबहीण.” तिनं डबा बाजूला सारला आणि चष्मा लावला. “हे बघा, टीसी म्हणजे काळजी घे. टीटीवायएल, नंतर बोलू. आयडीके, मला नाही माहीत बाई. म्हणजे अर्थ मला माहितीये, पण त्याचा अर्थच ‘मला माहीत नाही’ असा आहे. आणि एसएमएच म्हणजे, काय म्हणावं याला, अशी मान हलवायची.”

“आणि शेवटचं?”

एक्स-रेवालीनं एकदा चिठ्ठीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. “तुझी आठवण येते,” ती हळूच म्हणाली.

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं असं कधी तोंडानं म्हटलं नव्हतं, आणि आता त्याला कुणीतरी तीन अक्षरांत म्हणत होतं! राग आला, लाजही वाटली. सगळ्यात जास्त भीती वाटली. या वयात घर मोडलं तर जायचं कुठे? लेक होती, तर तीही नव्हती.

लेकीचं असं झालं होतं. बाईंनी शब्द टाकून, मेट्रनचे पाय धरायचे बाकी ठेवून, तिला याच रुग्णालयाच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळवून दिली होती. तिसऱ्या वर्षी पोरगी कोट घडी घालून ठेवून निघून गेली. का, तर तिला गोंदायचं काम शिकायचं होतं. लोकांच्या दंडावर फुलपाखरं! “या घरात पुन्हा तिचं नाव काढायचं नाही,” बाई म्हणाल्या होत्या. मिस्टरांनी मान डोलावली. दोन वर्षं झाली, कुणी नाव काढलं नव्हतं. पोरीनं नंबरही बदलला होता.

त्यानंतर चारच दिवसांनी सगळं जुळलं. मिस्टर गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि फोन चक्क वाजला. प्लंबर. नावाखाली नंबर. शेवटचे चार आकडे सहा, शून्य, नऊ, दोन.

ते आकडे बाईंना तोंडपाठ होते. रोज सकाळी अकरा पंधराला, डॉक्टरांची फेरी आटोपून लाइनी जरा मोकळ्या झाल्या की, रुग्णालयाच्या नंबरावर एक कॉल यायचा. बाई म्हणायच्या, “नमस्कार, रुग्णालय. कुठे जोडून देऊ?” पलीकडे फक्त श्वास. बाई तीन मोजायच्या आणि कॉल तोडायच्या. वहीत नोंद व्हायची, ‘मुका कॉल.’ असे महिनोन् महिने.

म्हणजे ही ती! आपण खुर्चीत बसलोय की नाही, याची रोज खात्री करून घेते आणि मग तिकडे दोघांचं सुरू! केवढी ही हुशारी, सटवीची!

दुसऱ्या दिवशी कामावर पोचल्या पोचल्या बाईंनी तो नंबर बंद यादीत टाकला. तेवढा अधिकार ऑपरेटरला असतो, फक्त वहीत कारण लिहावं लागतं. त्यांनी लिहिलं, ‘त्रासदायक.’ खाली सही ठोकली. अकरा पंधरा झाले, अकरा वीस झाले. बोर्डावर त्या कॉलचा दिवा लागला नाही. बाईंना इतकं हलकं वाटलं की त्यांनी एक्स-रेवालीला स्वतःच्या खर्चानं चहा पाजला.

घरी मात्र मिस्टरांचा चेहरा उतरला. जेवणात लक्ष नाही, बोलण्यात नाही. ‘लागलं बरं का वर्मी,’ बाई मनात म्हणाल्या. तरी पाळत सुटली नव्हती. आठवड्यानं त्या पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या खुर्चीमागून गेल्या. मिस्टर दोन बोटांनी टाइप करत होते. चाहूल लागली तशी त्यांनी घाईनं तीनच अक्षरं ठोकली, एमओएस, आणि फोन पालथा घातला.

“काय एवढं गुपित?”

“कुठे काय? प्लंबर.”

“अजून आला नाही तो?”

“येईल गं,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम ओला झाला.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेवाली ती अक्षरं बघून खुदकन हसली. “हे होय! हे तर माझी कार्टी रोज लिहितात. मी खोलीत पाऊल टाकलं की हेच. मॉम ओव्हर शोल्डर. आई मागून डोकावतेय, आता गप्प बस.”

“आई? कुणाची आई?”

“दोघांपैकी कुणाची तरी. पण तुमच्या मावसबहिणीचे मिस्टर चांगले साठीचे ना? त्यांच्या आई असतात का बरोबर?”

“त्यांची आई जाऊन वीस वर्षं झाली,” बाई म्हणाल्या.

खुर्चीमागून कोण गेलं होतं? तांब्या घेऊन कोण गेलं होतं? आणि साऱ्या जगात ती बाई आई कुणाची होती?

एक्स-रेवालीनं डब्याचं झाकण लावलं आणि बाईंच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

अकरा पंधरा. तेही आत्ता आठवलं. पोरगी दुपारच्या शाळेत होती तेव्हा रोज याच वेळेला फोन करायची. “आई, मी निघाले, कुलूप लावलं.” एकतीस वर्षं नुसत्या श्वासावरून डॉक्टर ओळखणारी ही बाई. सर्जन दमलेत की चिडलेत ते सांगायची. आणि स्वतःच्या पोरीचा श्वास महिनोन् महिने कानात घेऊन तिनं तीन मोजले आणि कॉल तोडला. वर वहीत लिहिलं, ‘त्रासदायक.’

बाईंनी नंबर यादीतून काढला. वहीत कारणाच्या रकान्यात काय लिहावं, ते सुचेना. शेवटी लिहिलं, ‘ऑपरेटरची चूक.’

पण दुसऱ्या दिवशी दिवा लागला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोरगी तरी कशी करणार? दार लावून घेतलं ते आईनं जाणूनबुजून, असंच तिला वाटत असणार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई घरी आल्या, चपला काढल्या आणि मिस्टरांसमोर उभ्या राहिल्या. रडायचं ठरवलं नव्हतं, पण नाक लाल झालंच होतं.

“अहो, त्या प्लंबरला एक निरोप द्या.”

मिस्टरांचा हात फोनवर गेला आणि तिथेच थिजला.

“म्हणावं, लाइन बिघडली होती. माझ्याकडूनच. आता दुरुस्त झालीये.”

मिस्टर खुर्चीतून उठले. “तू एकदा म्हणालीस म्हणून,” ते म्हणाले, “नाहीतर मी तुझ्यापासून कधी काही…”

“मी म्हणाले होते खरी. तुम्हीही काय एवढं ऐकायचं?” बाई म्हणाल्या आणि तोंड धुवायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा चौदा झाले तेव्हा बाईंनी पाण्याचा घोट घेतला. अकरा पंधराला दिवा लागला. सहा, शून्य, नऊ, दोन.

“नमस्कार, रुग्णालय. कुठे जोडून देऊ?”

पलीकडे श्वास. बाईंनी एक मोजला, दोन मोजले, तीन मोजले. बोलावं असं फार मनात होतं. पण काय बोलणार? पोरगी बोलायला फोन करतच नव्हती. ती ऐकायला करत होती.

तेव्हा बाईंनी समोरच्या भिंतीवरची विभागांची यादी वाचायला घेतली. सावकाश, शब्द न गिळता, नवीन लागल्या होत्या तेव्हा वाचायच्या तशी. “चौकशी, एकशे एक. केसपेपर, एकशे दोन. अपघात विभाग, एकशे पाच. एक्स-रे, एकशे आठ.” बाकीच्या दोन लाइनींचे दिवे लुकलुकायला लागले. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते लुकलुकू दिले. “रक्त तपासणी, एकशे नऊ. औषध खिडकी, एकशे बारा.”

पलीकडून कुणी कॉल तोडला नाही.

त्याखालच्या ओळीत नर्सिंग कॉलेज होतं. ती ओळ बाईंनी गाळली आणि पुढची वाचली.