रहमतबीची जुळी

महागावात मोटार वाइंडिंगचं दुकान चालवणारा जहीर महिन्यातून एकदा एसटीनं राळेगावला जायचा, आणि निमित्त असायचं बरकतबीच्या कूलरचं. त्या बिचाऱ्या कूलरला काहीच झालेलं नसायचं. ऐन थंडीतही जहीर तो उघडून बसायचा. बरकतबीचा नवरा साजिद सगळं समजून गप्प राहायचा आणि चहा सांगायचा.

बरकत म्हणजे जहीरच्या बायकोची जुळी बहीण, एका साच्यातून काढलेली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघी माहेरी एकाच खोलीत तापानं पडल्या. बरकत उठून बसली, रहमतबी गेली. तेव्हापासून बरकतच्या कानाजवळ केस पांढरे दिसले, डोळ्यांवर चष्मा आला, की जहीर मनाशी म्हणायचा, माझी रहमत आज अशीच दिसली असती. मनात वाईट काही नव्हतं. बायकोला म्हातारी होताना पाहायचं राहून गेलं होतं, ते तो इथे पाहून घेत होता.

या खेपेला घरात सुरभी नावाची तरुण डॉक्टर बसली होती. जुळ्यांवर संशोधन करायची, बरकतच्या रक्ताचा नमुना घ्यायला आली होती. जहीरनं पेचकस खाली ठेवला आणि इतकी वर्षं सलणारा प्रश्न विचारला.

"मॅडम, दोघीचं रक्त एक, हाडमास एक. मंग एकच काहून वाचली?"

"जनुकं एकच," सुरभी म्हणाली. "पण त्यातली कोणती उघडी राहतील, कोणती मिटतील, याच्या खुणा शरीर जगता जगता करत जातं. धूर, आबाळ, आजारपण, काळजी, सगळ्याचा हात लागतो. विषाणू शिरला की पेशींनी लगेच हाकाटी करायची असते. एकीत ती वेळेवर होते, दुसरीत उशिरा. या दोघींत नेमकं काय झालं, ते मात्र मी सांगू शकत नाही."

"म्हंजे लग्नानंतर दोघी येगळ्या झाल्या?"

"हळूहळू, हो."

"मंग हे केस... तिचेबी असेच पिकले असते ना?"

"ते नाही सांगता येणार, काका."

ती नमुना घेऊन गेली. आपण इतके दिवस भलत्याच बाईचं म्हातारपण पाहत आलो, असं जहीरला वाटलं. रहमत पुन्हा एकदा गेली होती. त्यानं अवजारं पिशवीत भरली.

"आता येणं नाही होणार," तो म्हणाला.

बरकत दारात आडवी उभी राहिली. "बसा, दुल्हेभाई. कूलर चांगला हाय, मले ठाऊक हाय. तुमाले कायले येऊ देत होती मी? वाटे, आज तरी रहमतचं काही बोलतीन. तुमी नुसते पाहून जाता." तिनं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. "माझ्यासारखी होती, थे मले मालूम हाय. माझ्याहून येगळी झाली, थे तुमच्या घरी झाली. थेच सांगा मले."

जहीरला ते लागलं. तो परत कूलरजवळ खाली बसला.

"गुणगुणे लय," तो शेवटी म्हणाला. "दुकानातल्या वार्निशच्या वासानं खोकला ये तिले. मले कळू नये म्हणून गाण्यात दाबे. मले वाटे, खुशीत हाय."

बरकतनं जन्मात कधी गाणं म्हटलं नव्हतं. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"कोणतं गाणं?" तिनं विचारलं.