भिंतीतली गुणगुण

ताईची नजर पुरती गेली त्या वर्षीची ही गोष्ट. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आयुष्यभर तिने पुस्तकं वाचली आणि मी गाद्या भरल्या. तिला दिसेनासं झालं त्याच वर्षी माझ्या सुनेने माझ्या हातात पाटी-पेन्सिल दिली, आणि चौसष्टाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो. उशिरा शिकलेला माणूस हावरट असतो. मी साबणाचा कागद वाचायचो, औषधाची बाटली वाचायचो, दुकानांच्या पाट्या तर भर रस्त्यात मोठ्याने वाचायचो. ही सवय पुढे कामाला आली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

त्या वर्षी एका सकाळी मी दूध घेऊन परत आलो, तर आमच्या जिन्यावर पार खालच्या फाटकापर्यंत माणसं उभी.

"कसली रांग?" मी शेजारच्या शिंप्याला विचारलं.

"तुमच्याच घराची की, गादीवाले! तुमची मंडळी भिंतीतून बोलतेय म्हणे."

"काय बोलतेय?"

"बोलत नाही, गुणगुणतेय. चला, चला, तुम्हाला कोण अडवणार? घरचेच तुम्ही."

अर्ध्या तासात माझी मेलेली बायको भिंतीत जाऊन बसली होती, आणि मला माझ्याच घरात शिरायला शिंप्याचा वशिला लागत होता.

झालं होतं ते असं. माझी सून अंधांसाठी पुस्तकं वाचायची. बोलक्या पुस्तकांचं एक ग्रंथालय तिला पुस्तक पाठवायचं, ती ते वाचून आवाज भरून परत पाठवायची. माझी कापसाची खोली रिकामी झाली होती. तिथे तिने टेबल-खुर्ची मांडली आणि सेलवर चालणारा एक जुना रेकॉर्डर विकत घेतला. पण तिचं पहिलंच पुस्तक तीनदा परत आलं. तिसऱ्यांदा ग्रंथालयातल्या बाईंचा फोन आला. "आवाज गोड आहे हो तुमचा, पण मागे काहीतरी घुमतंय. महिनाअखेरीपर्यंत स्वच्छ आलं तर ठीक, नाहीतर मला हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल." सून त्या दिवशी जेवली नाही.

परत आलेलं ते वाचन ताई ऐकत बसली होती. सून वाक्य संपवून थांबली, की त्या थांबण्यात हळूच एक सूर वर यायचा. म्म्म्म... ती पुन्हा वाचू लागली की सूर गप्प. ताईने माझा हात घट्ट धरला. "अरे, ही आपली आहे."

मला वेगळं सांगायला नको होतं. माझी बायको गादीच्या कडा शिवायची. दोरा ओठांत धरलेला, त्यामुळे तोंड बंद. आणि त्या बंद तोंडातून दिवसभर एकच सूर. गाणं कधीच नाही, नुसता सूर. खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. त्या क्षणी कुणी मला नारळात भूत आहे म्हटलं असतं तरी मी पटकन हो म्हणालो असतो.

मी दुधाला बाहेर पडलो, तेवढ्यात ताईने हे शिंपिणीला सांगितलं. शिंपिणीने सगळ्या गल्लीला सांगितलं, आणि वर कानबाबाला बोलावणं धाडलं.

कानबाबा हा भिंतींना कान लावून मेलेल्यांचं ऐकणारा माणूस. अंगात पांढरा झगा, उजव्या कानात कापसाचा बोळा. तो बोळा काढला की पलीकडलं ऐकू येतं, असं त्याचं म्हणणं. मी आत गेलो तेव्हा तो बोळा काढून कापसाच्या खोलीच्या भिंतीला चिकटला होता. त्याचा चेला तेवढ्यात म्हणाला, "माई, थंडगार पाणी मिळेल का?" आणि कुणी उठायच्या आत स्वतःच स्वयंपाकघरात गेला. पाहुणा पाणी मागतो, बसल्या जागी मागतो. हा फ्रिजपाशी उभा राहून इकडेतिकडे बघत प्याला. ते मला खटकलं.

"अडकलीय," कानबाबा म्हणाला. "विटेला वीट, विटेला वीट, आणि मध्ये ही बिचारी. काही सांगू पाहते. ओठ मात्र बंद आहेत."

"दोरा धरलाय तिने!" ताई रडायलाच लागली.

"दोराच तो," कानबाबा लगेच म्हणाला. "मघाशीच दिसला मला, पण म्हटलं, माईंच्या तोंडून येऊ द्यावा."

मग त्याने झोळीतून तांब्याचा पत्रा मारलेली एक पेटी काढली. तिचं नाव मौनपेटी. ही ठेवली की आत्मा शांत होतो आणि आवाज बंद. लोक माना उंचावून बघू लागले. कानबाबाने हुकूम सोडले. मेन स्विच बंद करा, विजेने आत्मा भाजतो. खिडकी लावा, वाऱ्याने तो विस्कटतो. घरातल्या सगळ्या गोधड्या आणि गाद्या आणून भिंतींना लावा, त्याला थंडी वाजते. आणि मुली, तू रेकॉर्डरला अगदी जवळ घे, एक वीतभर, लांबून बोललेलं आत्म्याला उद्धट वाटतं.

सून वाचू लागली. मग रेकॉर्डर लावून ऐकलं, तर काय! सुनेचा आवाज जसा काही कानाशी बोलतेय, आणि वाक्यांच्या मध्ये काही नाही. निव्वळ शांतता. बायका हात जोडू लागल्या.

"आता पेटी बाहेर नेतो. फरक बघा," कानबाबा म्हणाला. "उजेड करा. गोधड्या काढा, माणसं उकडून मरतील." चेल्याने स्वतः जाऊन मेन स्विच वर केला. त्यानंतर कानबाबा पाव तास बोलत राहिला. सात लोक, त्या प्रत्येकाचे सात दरवाजे, दर दरवाजावर एक द्वारपाल, आणि त्या सगळ्यांशी कानबाबाची घसट. मग पुन्हा आवाज भरला. म्म्म्म...

जिन्यावरची माणसंसुद्धा ओरडली.

ताईने डोळे पुसले. "बाबा, ती बोलेल का कधी माझ्याशी?"

"बोलेल की. पण या खोलीत आता दुसरं काही चालायचं नाही. छापील अक्षरं वाचली की ती भिऊन आत आत जाते. खोली मला द्या. रोज सकाळी बसेन, भिंतीशी बोलेन. लोकही येतील, त्यांचीही माणसं अडकलेली असतात. आजपासून आठव्या दिवशी मी आसन मांडतो."

घर ताईच्या नावावर. ती एका शब्दात म्हणाली, "दिली."

सून माझ्याकडे बघत राहिली. महिनाअखेर नवव्या दिवशी होती.

दुपारी घर रिकामं झाल्यावर मी कापसाच्या खोलीत एकटाच बसलो. कानबाबा पेटी कोपऱ्यात ठेवून गेला होता. तिला हात लावायचा नाही, लावला तर हात वाळतो, म्हणे. मला पेटीपेक्षा गोधड्यांचं कोडं पडलं होतं. मी गादीवाला. ही खोली कापसाने भरलेली असायची तेव्हा मी आतून हाक मारली तर बायकोला शेजारच्या स्वयंपाकघरात ऐकू जायची नाही. "बैलासारखे ओरडता, पण मुंगीएवढं पोचतं," असं म्हणायची. कापूस आवाज पितो हे मला कानबाबाने कशाला सांगावं? मग गोधड्यांचं श्रेय पेटीला का?

मी त्याच्यासारखा भिंतीला कान लावला. म्म्म्म. आला तर! मग उठून भिंतीच्या पलीकडे स्वयंपाकघरात गेलो. पलीकडे आमचा जुना फ्रिज होता, पाठ भिंतीला घासून उभा. मी त्याचं बटण बंद केलं, परत येऊन कान लावला. भिंत मुकी.

मग तो फ्रिज तिथे कसा आला ते मला आठवलं. बायको गेल्यावर तिची शिवायची जागा रिकामी दिसायची, ताईला बघवत नसे, म्हणून आम्हीच तो तिथे सरकवला होता. आवाज तिच्या जागेवरूनच येत होता, त्यात ताईचं काही चुकलं नव्हतं.

सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "मामंजी, ते खरं, पण मग मी बोलताना तो का गप्प होतो आणि थांबले की का येतो? फ्रिजला कसं कळतं मी थांबले ते?"

तेव्हा मी रेकॉर्डरचं खोकं शोधलं. त्यात एक पुस्तिका होती, नऊ भाषांतली, पैकी एक आपली. सुनेने ती कधी उघडली नव्हती. शिकलेली माणसं अशा गोष्टी वाचत नाहीत. मी अक्षराला अक्षर लावत दोन दिवस वाचली. अकराव्या पानावर सापडलं: आपोआप पातळी. बोलणारा गप्प झाला की हे यंत्र बारीकसारीक आवाज मोठे करून घेतं, तो बोलू लागला की पुन्हा खाली आणतं. सोय म्हणून दिलेली, आणि एका बटणाने बंद होणारी.

मी ताईपाशी जाऊन सगळं सांगितलं. तिने तोंड फिरवलं. "तू तिला फ्रिज म्हणतोस? चाळीस वर्षं तुझ्या गाद्या शिवल्या तिने!"

"ताई, मी फ्रिजला फ्रिज म्हणतोय."

"तुला दोन अक्षरं काय आली, लगेच शहाणा झालास."

ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. त्या चार दिवसांत मला माझाही संशय आला. वाटलं, मला बायकोचं जाणं सोसत नाही म्हणून मी उलट्या बाजूने तर हट्ट करत नाही? मग पुन्हा जाऊन बटण बंद-चालू करायचो. भिंत दर वेळी तेच सांगायची.

आठव्या दिवशी कानबाबा आसन, चेला आणि निम्मी गल्ली घेऊन आला. मी दारातच हात जोडले.

"बाबा, आसन मांडा. आधी एक विनंती. पेटीचा चमत्कार ताईला पुन्हा ऐकायचाय. फक्त आज मेन स्विच चालू राहू दे."

"आत्मा भाजेल!"

"तुमची पेटी आहे ना? ती सांभाळेल."

लोक हसले. शिंपी म्हणाला, "होऊन जाऊ दे, बाबा. पेटीत दम असेल तर विजेला काय भ्यायचं?" आपल्याच माणसाने असं म्हटल्यावर कानबाबाला नाही म्हणता येईना. चेला हळूच स्वयंपाकघराकडे निघाला. सून दारात आडवी उभी. "पाणी इथेच आणून देते, भाऊ. बसा."

पेटी टेबलावर ठेवली. सून वाचली. ऐकलं. म्म्म्म... पेटीच्या नाकासमोर.

"आज पलीकडे गडबड आहे," कानबाबा म्हणाला. "ग्रहांची वाट तुंबलीय."

"असेल," मी म्हणालो. "शिंपीदादा, ती पेटी घेऊन खाली फाटकापाशी उभे राहा." शिंप्याने दोन्ही हात पुढे केले, मग हात वाळण्याचं आठवून मागे घेतले. शेवटी उपरण्यात गुंडाळून नेली. मी फ्रिज बंद केला. दोन जुन्या गाद्या भिंतींना टेकवल्या, एक सुनेच्या पाठीमागे. सुनेने यंत्राचं ते बटण बंद केलं, वीतभर अंतरावर तोंड आणलं आणि वाचू लागली. दिवा लख्ख चालू होता.

ऐकलं. वाक्य. शांतता. वाक्य. शांतता.

सगळे ताईकडे बघत होते, कारण तिच्याएवढे कान तिथे कुणालाच नव्हते.

"मला पलीकडे ने," ती म्हणाली.

मी तिला स्वयंपाकघरात नेलं, फ्रिज चालू केला आणि थोडा वेळ थांबलो. मग तो गुरगुरून जागा झाला. ताईने दोन्ही तळहात त्याच्या पाठीवर ठेवले. नंतर कान. बराच वेळ.

"हाच," ती म्हणाली. मग फार हळू, "म्हणजे ती गेलीच म्हणायची."

"चार वर्षांपूर्वी गेली, ताई. आपण दोघंही होतो तिथे."

खाली फाटकापाशी आरडाओरडा झाला. शिंप्याच्या हातून पेटी निसटली होती. तिच्यातून निघाली अर्धी वीट आणि एक पायमोजा. एकच, दुसरा बहुधा दुसऱ्या पेटीत असणार. गर्दी वर येईपर्यंत कानबाबा मागच्या जिन्याने उतरला होता, आसनसुद्धा टाकून. सुनेने ते कापसाच्या खोलीत टेबलाखाली अंथरलं. जाड होतं, टेबल आवाज करायचं ते थांबलं.

आता ज्यांच्या घरात असंच काही घुमत असेल त्यांना सांगतो. आधी मेन स्विच बंद करून बघा. मग एकेक वस्तू चालू करत जा, दोषी आपणहून बोलेल. वाचताना फ्रिज बंद ठेवा, आणि नंतर चालू करायला विसरू नका, आमचं दूध दोनदा नासलं. तो भिंतीपासून हातभर पुढे ओढा, पायांखाली जुन्या चपलांचे रबरी तुकडे घाला. भिंतींना गाद्या टेकवा. यंत्राची पुस्तिका वाचा. हे सगळं घरातच असतं. आणि कुणी कानबाबासारखे वीज बंद, खिडकी बंद, गोधड्या, जवळून बोलणं असे चारही उपाय एकदम करून पाचवी म्हणून स्वतःची पेटी मध्ये ठेवली, तर फक्त पेटी ठेवून बघा, आणि फक्त पेटी काढून बघा. एवढं करायला अक्षरंही लागत नाहीत. आपल्या गेलेल्या माणसाची आठवण येते ती खरी असते, आणि म्हणूनच तिच्यावर झोळी टाकणाऱ्याचा संशय घ्यावा.

सुनेने नवव्या दिवशी पुस्तक पाठवलं. ते परत आलं नाही. ताईने तिची पुढची तेरा पुस्तकं ऐकली, आणि कुठे खोट आहे ते ग्रंथालयाच्या आधी सांगितलं.

ताई त्यानंतर तिसऱ्या वर्षी, थंडीत, एका मंगळवारी सकाळी वारली. माझी बायको ताईची नजर जाण्याच्या चार वर्षं आधी, उन्हाळ्यात, गादीची कड अर्धी शिवून झाली असताना वारली.