बहात्तर साल परत येतंय

रामेश्वर सासऱ्याला इतका भ्यायचा, की मोबाईलवर त्यांचं नाव दिसलं तरी उठून उभा राहायचा. आता ते नाव तीन वर्षांत एकदाच दिसलं होतं, तेही चुकून लागलेल्या फोनापायी. योगितानं पळून येऊन त्याच्याशी लग्न केलं, तेव्हापासून नेकनूरच्या राधाकिशन पाटलांनी जावयाच्या गावाचं, घाटनांदूरचं, नाव घेणंच सोडलं होतं.

आणि आता योगितानं हट्ट धरला. आईबापाच्या लग्नाला पन्नास वर्षं उलटून गेली, त्यांना बोलवायचंच. तिनं मोबाईलवर बघितलं होतं, शहरात लोक जुन्या काळाची पार्टी करतात. कपडे जुने, भांडी जुनी, जेवण जुनं. लग्न बहात्तर सालचं, म्हणून सगळं बहात्तरचं करायचं, आणि ते स्वस्तात पण पडतं. "अण्णा ह्यावेळी आले न्हाईत, तर मी पुन्हा कधीच बोलवणार न्हाई," असं तिनं मेथी निवडता निवडता सांगितलं. रामेश्वरनं हिशेब मांडला. सासरे न आले तर बायको गेली, आले तर आपण गेलो.

खर्च टाळायचा म्हणून शेजारच्या कडूबाईकडून पितळेची भांडी आणली. जेवायला लाल ज्वारीच्या भाकरी आणि भाजक्या गोड पिठाची सुकडी ठरली, कारण त्या साली लोक तेच खायचे असं योगितानं कुठंतरी वाचलं होतं. गावालाही बोलवायचं होतं, पण फ्लेक्सवाला फुटावर पैसे घेतो, म्हणून रामेश्वरनं लग्नाचा, पार्टीचा लांबलचक मजकूर छाटून चार ओळी ठेवल्या: 'बहात्तर साल परत येतंय. शनिवारी दुपारी चारला, रामेश्वरच्या अंगणात. जुनी भांडी घेऊन या.' रंगाचे जास्त पडतात म्हणून काळापांढराच छापला. मागं चित्र पाहिजे म्हटल्यावर फ्लेक्सवाल्यानं कंप्युटरात पडलेलं फुकटातलं टाकून दिलं. ते होतं भेगा पडलेल्या जमिनीचं.

हा फ्लेक्स चौकात लागला तेव्हा श्रावण निम्मा सरला होता आणि आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. बहात्तर म्हटलं की गावाला एकच आठवायचं, दुष्काळ.

दुसऱ्या दिवशी कडूबाई भांडी परत घेऊन गेली. लागतील म्हणाली. संध्याकाळपर्यंत किराणा दुकानातली ज्वारी संपली. मेंढपाळ धुळाजी कळप घेऊनच दारात आला आणि जनावरांची छावणी ह्याच अंगणात उघडणार का, चारा सरकारचा का घरचा, असं विचारू लागला. तोवर एका मेंढरानं तोरण खाल्लं.

शनिवारी तीनलाच रांग लागली. डबे, घागरी, हंडे, आणि हातात रेशनकार्ड. रामेश्वर ओट्यावर चढून म्हणाला, की बाबांनो, ही पार्टी हाय.

"पार्टी कोणती बी असू दे," मागून एक म्हातारा म्हणाला, "धान्य कवा वाटणार ते सांग."

खरं सांगावं तर लोक अंगावर येणार, आणि तेवढ्यात सासरे पोचणार. शेवटी भीतीपोटी त्यानं एक वही काढली आणि सरळ नावं लिहून घ्यायला लागला. रांग शांत झाली. योगिता दारातून डोळे फाडून बघत राहिली.

पस्तीस नावं झाली आणि टेम्पोचा हॉर्न वाजला. राधाकिशन पाटील उतरले. पार्टीचे कपडे नव्हते, रोजचंच धोतर होतं. टेम्पोत ज्वारीची बारा पोती आणि वर सासूबाई बसलेल्या. योगिताचं बोलावणं त्यांनी ऐकूनही घेतलं नव्हतं, पण घाटनांदूरला बहात्तर परत आलंय, हे त्यांनी नेकनूरच्या स्टँडवर ऐकलं होतं.

रामेश्वर वही छातीशी धरून उभा राहिला. मारतील तर वही मधी येईल, एवढंच त्याला सुचलं. पण पाटील त्याच्याकडं न बघता लेकीकडं गेले.

"घरात दाणे हायेत का?" त्यांनी विचारलं.

योगितानं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या धरला.

"त्या साली माझी धाकटी बहीण सासरी उपाशी राहिली," पाटील म्हणाले. "मला कुणी सांगितलं न्हाई. रुसून बसलोतो मी तिच्यावर." मग ते रामेश्वरकडं वळले. "जावईबापू, पोती उतरवून घ्या."

जावईबापू! तीन वर्षांत पहिल्यांदा. योगितानं तोंड उघडलं. खरं सांगून टाकायचं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. रामेश्वरनं घाईघाईनं मान हलवली आणि पोत्याखाली खांदा दिला. खोटं आता खांद्यावरच होतं.

पाटलांनी रांग बघितली, वही बघितली. नावं लिहून घेताय, हे बरं केलं म्हणाले. स्वतः पोतं फोडलं आणि पहिल्या म्हातारीच्या डब्यात ओंजळीनं ज्वारी घातली. धुळाजीनं टोपी काढली. लोक हात जोडू लागले. रामेश्वरला वाटलं, आता कुणी खरं बोललं तर ह्याच लोकांच्या हातून मेलो.

ओंजळी भरता भरता पाटील सासूबाईंना म्हणाले, "माझं अंथरूण खाली घे गं. दुष्काळ सरंपर्यंत आपण हितंच ऱ्हायचं."

म्हणजे किती दिवस, हे विचारायची रामेश्वरची छाती झाली नाही.