हत्तीछाप डायल

काकासाहेबांना हत्ती पाहिजे होता, आणि अख्ख्या जालन्यात तो एकट्या बेबीनंदाकडे होता. देवाला कधीकधी अशी बुद्धी होते.

हत्ती म्हणजे घड्याळावरचा. एमआयडीसीत काकासाहेबांची लोखंडी सळयांची मिल होती. सळयांवर हत्तीचा शिक्का असायचा, म्हणून लोक तिला हत्तीची मिलच म्हणत. मिल सुरू झाली त्या दसऱ्याला काकासाहेबांनी मोजकी मनगटी घड्याळं खास बनवून घेतली होती. चावीची घड्याळं, आणि डायलवर बाराच्या आकड्याखाली सोंड वर केलेला लाल हत्ती. एक त्यांनी स्वतःच्या हातात बांधलं, बाकीची भट्टीवरच्या पहिल्या गड्यांना वाटली. पुढे गड्यांची घड्याळं कुठे कुठे गेली. कुणाचं हरवलं, कुणी मोडीत दिलं. काकासाहेबांचं मात्र हातावर राहिलं आणि त्यांच्या भाषणांतही राहिलं. भाड्याचं शेड, उसनं भांडवल आणि हे घड्याळ, एवढ्यावर मिल उभी केली, असं ते लग्नकार्यात जेवणाच्या पंगतीतसुद्धा सांगत.

मग एका पर्वणीला गोदावरीत डुबकी मारताना ते घड्याळ काढायचं राहिलं. पाणी आत गेलं, डायल फुगली, हत्तीचे पोपडे निघाले. संभाजीनगरच्या एकाने डायल साफ करून देतो म्हणून उरलेला हत्तीही पुसून टाकला. मुंबईहून नवा हत्ती रंगवून आणला, तर तो थेट रानडुकरासारखा दिसायला लागला. काकासाहेबांनी ती डायल भिंतीवर भिरकावली. नकली काही चालणार नाही, अस्सल त्याच वेळची डायल पाहिजे, असं त्यांनी सदर बाजारातल्या रामनिवास घड्याळवाल्याला बजावलं. घड्याळ बनवणाऱ्या कंपनीला कुलूप लागून जमाना झाला होता. येत्या दसऱ्याला मिलचा मोठा सोहळा होता आणि काकासाहेबांना तेव्हा हे घड्याळ हातात पाहिजेच होतं. रामनिवासने सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर निरोप टाकला.

तो निरोप बेबीनंदाच्या मुलीने, तृप्तीने, जेवताना वाचून दाखवला. बेबीनंदाचा घास हातातच राहिला.

"परत वाच," ती म्हणाली.

तृप्तीने परत वाचलं. बेबीनंदाने हात धुतले, फळीवरचा स्टीलचा डबा काढला आणि त्यातली कापसाची गुंडाळी उलगडली. आत संपतचं घड्याळ होतं. काचेला तडा होता, पण आतला हत्ती काल छापल्यासारखा लालभडक होता.

संपत म्हणजे तिचा नवरा. मिलच्या पहिल्या दिवसापासून भट्टीवर होता. मध्ये कधीतरी काकासाहेबांनी सगळ्या गड्यांना ठेकेदाराच्या नावावर ढकललं. काम तेच, भट्टी तीच, फक्त कागद बदलला. आणि एके दिवशी तापलेली सळई ती लाटणाऱ्या रोलमधून सुटली ती संपतच्या अंगावर आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेरवी झाली आणि बेबीनंदा भावाला घेऊन मिलच्या ऑफिसात गेली. तिथे एक सरकारी साहेब चौकशीला बसला होता. काकासाहेब त्याला म्हणाले, "हा माणूस आमचा न्हाई. ठेकेदाराचा असंल, त्याला विचारा." ठेकेदार फोन बंद करून बेपत्ता होता. तेव्हा बेबीनंदाने पिशवीतून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मंग हे कुणी दिल्तं?"

काकासाहेबांनी ते ट्यूबलाइटच्या उजेडात धरलं, उलटं करून बघितलं आणि टेबलावर टाकलं. "नकली हाय," ते म्हणाले. "असले हत्ती बाजारात पायलीला पन्नास मिळतात." घड्याळ घसरून फरशीवर पडलं, काच तडकली. एक कारकून फिसकन हसला. सरकारी साहेबाने मान डोलावून फाईल मिटली.

तो शब्द बेबीनंदाच्या पोटात घर करून बसला. घड्याळ नकली, म्हणजे संपतची तिथली सगळी उमर नकली, त्याचे भाजलेले हात नकली, आणि मेला तोही नकलीच. ती एका बियाणे कंपनीत बी निवडायला जायची. वाट हत्तीच्या मिलवरूनच होती. येता-जाता मनातल्या मनात ती काकासाहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. शिव्या संपल्या की पहिल्यापासून सुरू करायची. इतक्या वर्षांत एकदाही खाडा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ती रामनिवासच्या दुकानात गेली. त्याने डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं आणि आतलं एकेक चाक न्याहाळलं.

"बाई," शेवटी तो म्हणाला, "हे कुठं लपवून ठेवल्तं? डायल असली, काटे असली, मशीनबी बिलकुल त्याच वेळची. काच तेवढी बदलून देतो."

"काच राहू द्या," बेबीनंदा म्हणाली. "नकली तर न्हाई ना, भाऊ?"

"नकली?" रामनिवासला स्वतःला शिवी दिल्यासारखं झालं. "माझा बाप ह्याच गल्ल्यावर बसायचा. ही घड्याळं त्यानंच काकासाहेबांना मागवून दिल्ती. मला विचारता नकली का?"

आणि त्याने फोन लावला. काकासाहेबांची गाडी लगेच दुकानापुढे उभी राहिली. आता ते म्हातारे झाले होते, काठी टेकत पायरी चढले. बेबीनंदा ताठ बसून राहिली. हा आपल्याला बघेल, ओळखेल, त्याची नजर खाली जाईल, मग आपण काय काय बोलायचं, हे तिने वर्षानुवर्षं घोटून ठेवलं होतं. काकासाहेबांनी तिच्याकडे बघितलं, "नमस्कार ताई," म्हणाले आणि घड्याळावर झडप घातली.

म्हातारा तिला विसरला होता. पार विसरला होता. ज्या दिवसाने तिचं आयुष्य नासवलं, तो दिवस त्याच्या डोक्यात कुठे टाचणीएवढाही टोचत नव्हता. बेबीनंदाला असा राग आला की घोटून ठेवलेलं सगळं बोलणं तिने गिळून टाकलं. ते फार स्वस्तात सुटणं झालं असतं, त्याच्यासाठी.

"बोला ताई, काय द्यायचं?" काकासाहेबांनी विचारलं. त्यांचे डोळे पाणावले होते, हत्तीसाठी.

"पैसे नको," बेबीनंदा गरीब गायीसारखा चेहरा करून म्हणाली. "पर मला भ्या वाटून राह्यलं, काकासाहेब. मागं एका मोठ्या माणसानं हे नकली हाय म्हणून सांगितल्तं. नकली माल तुमच्या हातात कसा द्यावा?"

"कोण गाढव म्हणलं नकली?" काकासाहेब उसळले. "त्याच्या तोंडात शेण घाला! ही माझी डायल हाय, मी वळखंना का? मी माझ्या हातानं वाटलेत हे घड्याळं."

बेबीनंदाने पदर तोंडाला लावला. हसू तिला आवरेना. रामनिवासला वाटलं, बाई लाजली.

"मंग असं करा," ती म्हणाली. "दसऱ्याला सगळ्या लोकांसमोर सांगा की हे असली हाय. कुणाला दिल्तं तेबी सांगा. संपत नाव होतं आमच्या मालकाचं, भट्टीवर होते. तेवढं ऐकलं की तिथंच तुमच्या हातात देते."

"एवढंच?" काकासाहेब खूश झाले. त्यांना त्यात भाषण दिसलं. "संपत... हां, हां, संपत! बराबर." त्यांना कुठलाही संपत आठवत नव्हता, हे बेबीनंदाला लख्ख दिसलं.

घरी तृप्ती आईवर तडकली. "बाबांचं घड्याळ त्याच माणसाला देऊन राह्यलीस? आणि वर स्टेजवर जाणारेस? शाल पांघरतील तुला, फोटो काढतील!"

"काढू दे," बेबीनंदा म्हणाली. पण रात्री तिला झोप लागली नाही. कुणी म्हाताऱ्याला आठवण करून दिली तर? जुना मॅनेजर केव्हाच सोडून गेला होता, फिसकन हसणारा कारकूनही. तरी तिला धाकधूक होतीच. एवढं तोंडाशी आलेलं हातचं गेलं असतं, तर ती वेडीच झाली असती.

दसऱ्याला मिल बंद होती. रोलना झेंडूच्या माळा, भट्टीपुढे फोडलेले नारळ, मांडवात गडी आणि त्यांची बायकापोरं. स्टेजच्या कडेला रामनिवास टेबल मांडून बसला होता. पुढ्यात काकासाहेबांचं घड्याळ डायल काढून उघडं ठेवलेलं. संपतची डायल तो पाहुण्यांच्या देखत त्यात बसवणार होता. आपट्याची पानं देऊन झाली, पाहुणे बोलून झाले आणि काकासाहेबांनी बेबीनंदाला वर बोलावलं.

"ही ताई आज मिलला एक मोलाची चीज देऊन राह्यली," ते माईकवर म्हणाले आणि तिच्या हातातलं घड्याळ सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "असली हाय! ह्याला मी साक्षीदार हाय, हे रामनिवास साक्षीदार हायेत. हे मी माझ्या हातानं आमच्या संपतला दिल्तं. संपत आमचा माणूस. घरचा माणूस! शेवटपर्यंत ह्या मिलसाठी राबला."

टाळ्या पडल्या. बेबीनंदा ऐकत होती. हेच शब्द तिला पाहिजे होते. हे ऐकलं की काळीज थंड होईल असं तिला वाटलं होतं. पण ते शब्द इतके गुळगुळीत निघाले, इतके फुकट निघाले, की तिच्या अंगाची आणखीच आग झाली. मेलेल्या माणसासाठी जे ह्याच्या तोंडातून निघालं नव्हतं, ते टिकलीएवढ्या हत्तीसाठी एका दमात निघालं होतं.

तिने काकासाहेबांच्या हातातून घड्याळ घेतलं. मग माईकही घेतला.

"माझा संपत ह्याच रोलवर मेला," ती म्हणाली. आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला. "तेरवी झाल्यावर मी हेच घड्याळ घेऊन काकासाहेबाच्या हापिसात आल्ते. तवा हे म्हणले, नकली हाय. म्हणले, तो माणूस आमचा न्हाई. सरकारी साहेबाच्या समोर म्हणले. ही काच तिथंच फुटली."

गड्यांनी मोबाईल वर केले होते, ते तसेच राहिले. काकासाहेबांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं, आणि त्यांना आठवलं. आठवताना माणसाचा चेहरा कसा होतो ते बेबीनंदाने अगदी जवळून, पोटभर बघून घेतलं.

"ताई, ते जुनं... त्या टायमाला..." काकासाहेब पुटपुटले.

"असली न्हाई का मंग?" तिने विचारलं. "आत्ता तर म्हणले."

काकासाहेबांनी रामनिवासकडे बघितलं. रामनिवासने खाली मान घालून उघड्या घड्याळाचं झाकण गुपचूप बसवायला घेतलं. आता नकली म्हणायची सोय नव्हती आणि असली म्हणून तर झालंच होतं, शेकडो लोकांच्या देखत. बेबीनंदाने घड्याळ पदराच्या टोकात घट्ट बांधलं, माईक टेबलावर ठेवला आणि ती पायरीकडे निघाली. कुणी तिला शाल पांघरायला पुढे आलं नाही.

ती पहिली पायरी उतरली तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक बाई उभी राहिली. तिचा नवरा भुजंग त्याच मिलच्या क्रेनखाली सापडून मेला होता, आणि तोही मिलचा माणूस निघाला नव्हता. बाई एरवी चार लोकांत तोंड उघडणारी नव्हती.

"आणि माझा भुजंग, काकासाहेब?" तिने विचारलं. "तो कुणाचा होता?"

तिच्या मागून आणखी एक जण उठली. मग पुरुषांच्या बाजूला एक हात तुटलेला गडी उठला. काकासाहेबांनी मांडवाच्या दाराकडे बघितलं, तर तिथेही माणसं उभी होती.

बेबीनंदा पायरीवरून मागे फिरली. टेबलावरचा माईक उचलून तिने काकासाहेबांच्या हातात दिला.

"ह्यांचं बी सांगा," ती म्हणाली. "एकेकाचं सांगा. आम्ही बसून हाओत."